आग, पूर, दरड आणि त्यानंतरची पोरं

पावसाळा तोंडावर आला की आमच्या संस्थेत एक मीटिंग होतेच. पाणी भरलं, दरड आली, कुठे भिंत पडली तर कोण कुठे धावणार, ताडपत्र्या-चटया-बिस्किटं कुठून येणार, शाळेच्या चाव्या कोणाकडे असतात वगैरे. यंदा त्या यादीत पहिल्यांदाच 'मुलांसाठी मानसिक आधार' असा मुद्दा आला आणि मला मनापासून बरं वाटलं, कारण २६ जुलै २००५ आपण सगळ्यांनी बघितलाय, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्यानंतर कितीतरी दिवस सगळीकडे मुंबईच्या स्पिरिटचं कौतुक चाललं होतं, पण त्या रात्री बापाच्या खांद्यावर बसून पाणी चढताना बघितलेल्या पोरांना नंतर झोप लागते का हे कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. तर मुद्दा आला हे चांगलंच झालं. फक्त त्याच्यापुढे जे लिहिलं होतं, प्रत्येक कॅम्पला एक काउन्सेलर आणि प्रत्येक मुलाचा एक फॉर्म, तिथे मी अडले आणि मीटिंगमध्ये बरंच बोलले. तिथे वेळ कमी होता म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी गोरेगाव-आरे भागातल्या पाड्यांवरच्या मुलांबरोबर काम करते. वारली जास्त, कोकणा, मल्हार कोळी, थोडे कातकरी. अशा पोरांसाठी आपत्तीनंतर नक्की काय करायचं हे शोधताना मी ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल मुलांबद्दल वाचायला लागले आणि मग वाचतच राहिले. तिथला इतिहास वेगळा, आपला वेगळा, हे मान्यच. पण तिथे लोकांनी जे खूप सोसून शिकलंय ते आपण फुकटात शिकू शकतो, आणि ते न शिकणं हा पोरांवर अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी थोडं तिथलं सांगते. २०१९-२० च्या उन्हाळ्यात (त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा) ऑस्ट्रेलियात महिनोन्‌महिने वणवे पेटले होते, त्याला तिकडे 'ब्लॅक समर' म्हणतात. आगीत थेट ३३ माणसं गेली, तीन हजारांच्या वर घरं जळाली, आणि जवळपास तीन अब्ज प्राणी मेले किंवा परागंदा झाले असा अंदाज नंतर आला. आपल्याकडे टीव्हीवर भाजलेले कोआला दिसले, आठवत असेल. टीव्हीवर फारसं न आलेली गोष्ट अशी की न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांत अ‍ॅबोरिजिनल लोक एकूण लोकसंख्येच्या फक्त २.३ टक्के, पण आगीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांमध्ये ते ५.४ टक्के निघाले. या दोन राज्यांतले चारातले एकापेक्षा जास्त अ‍ॅबोरिजिनल लोक त्या पट्ट्यात राहत होते. आणि त्या पट्ट्यातल्या मुलांमध्ये दहातलं एक मूल अ‍ॅबोरिजिनल होतं, कारण त्यांच्यात तरुण आणि लहान मुलंच जास्त. म्हणजे आपत्ती सगळ्यांवर सारखी येते हे आपण सवयीने म्हणतो ते खरं नाहीये, ती आधीच काठावर राहणाऱ्यांवर जास्त येते, आणि काठावर कोण राहतं हे आपल्याला मुंबईत कुणी सांगायला नको, डोंगर उताराला कोणाची घरं आहेत आणि नाल्याला लागून कोणाची आहेत ते लोकलमधून पण दिसतं.

आता फॉर्मचा मुद्दा. आपले फॉर्म असतात ते विचारतात, घर पडलं का, घरात कोणी दगावलं का, जखमी कोण. मुलगा म्हणतो नाही, नाही, नाही. संपलं, 'लो रिस्क'. पण अ‍ॅबोरिजिनल घरात वाढलेल्या पोराचं काय होतं बघा, त्यांच्यातल्या बऱ्याच समाजांत माणसाचं एखाद्या प्राण्याशी किंवा पक्ष्याशी नातं जोडलेलं असतं, त्या प्राण्याला जपायची जबाबदारी त्या माणसाची असते, आपल्याकडे देवक असतं साधारण त्या अंगाचं. जमीन ही मालकीची वस्तू नसून पूर्वज तिथेच आहेत, गोष्टी त्या नदीच्या आणि त्या खडकाच्या आहेत, आजोबाने दाखवलेली खूण असलेलं झाड म्हणजे घरातलंच माणूस. ते सगळं जळून गेलं तर त्या पोराचं कोणीच दगावलं नाही असं कसं म्हणणार? तिथले अ‍ॅबोरिजिनल मानसशास्त्रज्ञ म्हणूनच मनाच्या स्वास्थ्याचा विचार करताना शरीर, मन, कुटुंब, समाज, संस्कृती, जमीन आणि पूर्वज असं सगळं एकत्र धरतात. यातलं एक तुटलं की बाकीचं हलतं. डोक्यातला ट्रॉमा एवढंच धरून बसलात तर त्या मुलाचं निम्म्याहून जास्त दुःख तुमच्या कागदावर येतच नाही.

आणि हे आपल्याला दूरचं वाटायचं काही कारण नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आरेत रात्रीतून दोन हजारांवर झाडं तोडली गेली तेव्हा पाड्यावरच्या पोरांना मी बघितलंय. ती नैसर्गिक आपत्ती नव्हती हे माहितीये मला, पण पोरं जशी गप्प झाली होती ते घरातलं कोणी गेल्यावर होतात तसंच होतं, आणि शाळेत कुणी विचारलं असतं 'घरी सगळं ठीक ना' तर सगळ्यांनी हो म्हटलं असतं.

हे 'हो' प्रकरण पण महत्त्वाचं आहे. ऑस्ट्रेलियात यावर भाषेच्या अभ्यासकांनी बरंच काम केलंय, की पोलिसांनी, कोर्टाने, डॉक्टरने प्रश्न विचारला की अ‍ॅबोरिजिनल माणूस पुष्कळदा हो म्हणून मोकळा होतो, पटलंय म्हणून नाही, समोरच्या साहेबाला लवकर जाऊ दे म्हणून. आपल्या पोरांचं शंभर टक्के हेच. 'जेवलास का?' हो. 'झोप येते ना?' हो. 'भीती नाही ना वाटत?' (हा प्रश्न तर विचारणाऱ्यानेच उत्तर देऊन टाकलेलं असतं.) होय-नाहीचा फॉर्म अशा पोरापुढे ठेवणं म्हणजे वेळ वाया घालवणं, आणि वर तो भरलेला फॉर्म वरच्या ऑफिसला गेला की तिथे सगळं आलबेल आहे अशी नोंद होते, ते अजून वाईट.

मग लोक कॅम्पमध्ये येतच का नाहीत, हा दुसरा प्रश्न. ब्लॅक समरच्या वेळी कितीतरी अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांना निवारा केंद्रात परकं वाटलं, नीट वागणूक मिळाली नाही असं त्यांनी नंतर सांगितलं, आणि काही जण तिकडे गेलेच नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल काय हे, आग लागलीये आणि कसले मान-अपमान. पण तिथे साधारण १९१० पासून १९७० पर्यंत सरकारने आणि चर्चच्या संस्थांनी अ‍ॅबोरिजिनल मुलं आईबापांकडून उचलून नेली होती, तुमच्याच भल्यासाठी म्हणून, चांगलं शिक्षण देतो म्हणून. त्या मुलांना 'स्टोलन जनरेशन्स' म्हणतात. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली. म्हणजे आज जी आजी आहे तिला लहानपणी गाडीत घालून नेलं असू शकतं. आता त्या आजीच्या नातवासमोर गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म, 'मी मुलांच्या कल्याण विभागाकडून आले' असं म्हणणारी ताई उभी केली तर आजी नातवाला मागे ओढणार की पुढे करणार? तिने मागे ओढलं तर ती अडाणी नाही, तिला अनुभव आहे. तिकडच्या तरुण मुलांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि त्याच्या मुळाशी हेच पिढ्यान्‌पिढ्यांचं तुटणं आहे असं तिथलेच जाणकार लोक सांगत आलेत. आग किंवा पूर त्या जुन्या जखमेवर येऊन पडतो.

इथे मला इर्शाळवाडी आठवते. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली ती. खालापूर तालुक्यातली ठाकर आदिवासींची वाडी, इर्शाळगडाला ट्रेकला जाणाऱ्या मुंबईकरांना चांगली ओळखीची, तिथल्या घरांत कितीतरी जणांनी भाकरी खाल्लेली असेल. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं शेवटपर्यंत सापडली नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला आणि त्यांना मृत धरलं गेलं. म्हणजे कितीतरी घरच्यांना निरोप देण्यासाठी देहही मिळाला नाही. त्यानंतर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर, नातेवाइकांत, सोसायटीत जो तो एकच म्हणत होता, त्या अनाथ पोरांना मुंबईला आणूया, चांगल्या शाळेत घालूया, आम्ही खर्च उचलतो. हे बोलणाऱ्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, त्यांच्या मनाबद्दल मला एक टक्का शंका नाही. पण ज्या पोराचे आई-बाप, घर, गुरं, वाट, सगळं एका रात्रीत गाडलं गेलंय त्याच्याकडे उरलंय काय? त्याची भाषा बोलणारी माणसं. मामा, चुलती, शेजारची म्हातारी, बरोबरीची वाचलेली पोरं. तेवढंच उरलेलं आपण मदत म्हणून काढून घेणार का? ऑस्ट्रेलियात आता याबद्दल कायद्यातच तत्त्व आहे की अ‍ॅबोरिजिनल मुलाला घराबाहेर ठेवायची वेळ आलीच तर आधी नातेवाइकांकडे, मग त्याच्या समाजात, मग दुसऱ्या अ‍ॅबोरिजिनल कुटुंबात, आणि बाहेर अगदी शेवटी. प्रत्यक्षात ते नेहमी पाळलं जातं असं नाही, पण तत्त्व तरी लिहिलेलं आहे. आपल्याकडे बाल संगोपन योजना आहे, आईबाप नसलेलं मूल नातेवाइकाकडे राहिलं तर दरमहा मदत मिळते. ज्याला खरंच मुलासाठी काही करायचंय त्याने चुलतीला तो फॉर्म भरायला, दाखले गोळा करायला, तहसीलच्या चकरा मारायला साथ द्यावी. ते शाळेची फी भरण्याइतकं छान वाटत नाही, पण पोर आपल्या माणसांत राहतं.

आता चांगलं काय झालं ते सांगते, कारण ते वाचूनच मला हुरूप आला होता. २८ फेब्रुवारी २०२२ ला न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला लिस्मोर गावात विल्सन्स नदीला पूर आला, पाणी १४ मीटरच्या वर गेलं, आधीचा १९५४ चा विक्रम दोन मीटरने मोडला. महिनाभरात परत दुसरा पूर. हा बुंजालुंग या तिथल्या मूळ समाजाचा मुलूख. जवळच रिचमंड नदीतलं कॅबेज ट्री आयलंड नावाचं बेट, तिथे पिढ्यान्‌पिढ्या अ‍ॅबोरिजिनल वस्ती, ते अख्खं रिकामं करावं लागलं, शाळासुद्धा गेली. आणि लिस्मोरमध्ये 'कूरी मेल' नावाचं एक वर्तमानपत्र आहे, १९९१ पासून चालणारं, पूर्णपणे अ‍ॅबोरिजिनल संस्थांच्या मालकीचं. त्यांच्या स्वतःच्या इमारतीत पाणी शिरलेलं. त्यांनी काय केलं तर तिथेच मदत केंद्र उघडलं. गरम जेवण, कपडे, सामान, अडकलेल्या वस्त्यांना हेलिकॉप्टरने अन्न, आणि त्यातच मनाचा आधार. तिथे कोणी यावं यासाठी 'मी आदिवासी आहे' हे सिद्ध करावं लागत नव्हतं, गोरे लोकसुद्धा रांगेत होते. मला यातलं सगळ्यात पटलेलं म्हणजे आधाराची जागा जेवणाच्या जागेला लागून होती. पोरगं जेवायला येतं, आत्या वाढत असते, कोणीतरी बाजूला बसतं, आणि मग दोन-चार दिवसांनी ते बोलतं किंवा नाही बोलत. 'काउन्सेलिंग रूम' अशी पाटी लावलेल्या दारातून आत जायला मोठ्या माणसाला धीर लागतो, चौदा वर्षांच्या पोराला तर सगळे बघतायत असंच वाटतं. योगायोग म्हणजे त्याच मार्चमध्ये तिथे '१३ यार्न' ही हेल्पलाइन सुरू झाली, चोवीस तास, आणि फोन उचलणारी माणसं अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळ रहिवासी) समाजांतलीच.

बसण्याची पण एक रीत आहे. समोरासमोर खुर्च्या टाकून, डोळ्यांत डोळे घालून 'मला सांग तुला काय वाटतंय' हे सगळीकडे चालत नाही, तिथे बऱ्याच ठिकाणी ते उद्धटपणाचं वाटतं. शेजारी बसायचं, एकाच दिशेला बघत, हाताला काही काम असेल तर उत्तम, आणि शांतता पडली तर ती भरायला जायचं नाही. मेलेल्या माणसाचं नाव काही समाजांत काही काळ उच्चारत नाहीत, फोटो दाखवत नाहीत, मग कॅम्पमध्ये माइकवरून मृतांची यादी वाचणं किंवा भिंतीवर फोटो लावणं हे किती जिव्हारी लागेल विचार करा. बायकांच्या गोष्टी बायकांशीच, पुरुषांच्या पुरुषांशीच. हे सगळं पुस्तकातून पाठ करून जमत नाही कारण तिथे अडीचशेच्या वर भाषा होत्या आणि प्रत्येक समाजाची रीत वेगळी, म्हणून पहिलं काम म्हणजे तिथल्या जाणत्या माणसाला विचारणं, इथे कसं करतात. आणि पोराला बोलतं करायची घाई नको हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतही आहे, कोणालाही घडलेलं सांगायला भाग पाडू नका. आपल्याकडे मात्र दरडीच्या दुसऱ्या दिवशी पोराच्या तोंडासमोर माइक असतो.

तिकडे अजून एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. आगीनंतर अनेक ठिकाणी जाणती माणसं तरुण पोरांना घेऊन परत जंगलात गेली, आग लावायला. म्हणजे त्यांची पूर्वापार पद्धत, योग्य हंगामात, गवताला, लहान आणि हळू सरकणारी आग, ज्वाळा गुडघ्याच्या आसपास, वरचा पाला होरपळत नाही, किडामुंगीला आणि प्राण्यांना निघून जायला वेळ मिळतो, आणि पुढच्या वणव्याला जळायला कमी उरतं. ज्या पोराला धुराच्या वासाने धडकी भरत असेल त्याच्या हातात काकाने आग द्यावी आणि ती कुठे थांबते हे दाखवावं, याला कोणी थेरपी म्हणो न म्हणो. आपल्याकडे पावसाआधी राब भाजतात, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन पाला-गवत पसरून जाळतात, तेव्हा पोरं आपोआप म्हाताऱ्यांच्या मागे फिरत हेच शिकतात, कुठे वारा आहे, कुठे पाला ओढायचा. पूर आणि दरडीच्या बाबतीत आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना काय माहितीये, कुठला ओढा आधी गढूळ होतो, कुठल्या कातळाखाली झोपायचं नाही, हे पोरांनी त्यांच्याबरोबर फिरून नकाशावर काढलं तर भीतीलाही काहीतरी काम मिळेल. हे मी यंदा करून बघणार आहे.

एक सांगायला हवं, नाहीतर गैरसमज होईल. डॉक्टर नको, औषध नको, सगळं आजी आणि भगत बघतील असं मी म्हणत नाहीये. पोर आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, खात नसेल, मरणाचं बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, तो पाड्यावर प्रत्येक घरात लिहिलेला असला पाहिजे. फक्त त्या डॉक्टरपर्यंत पोराचा हात धरून नेणारं माणूस त्याच्या ओळखीचं असावं. आणि त्या माणसाला पगार मिळावा! आपण काय करतो, बाहेरच्या एक्सपर्टला दिवसाचं मानधन, गाडी, जेवण, आणि पाड्यावरची अंगणवाडी सेविका, आशाताई, दहावी-बारावी झालेली पोरगी यांना 'तुम्ही इथल्याच ना, जरा बघा' म्हणून फुकट राबवतो. त्यांचंही घर गेलेलं असतं. त्यांचीही माणसं गेलेली असतात. लिस्मोरला मदत करणारे स्वतः पूरग्रस्त होते, आणि अशी माणसं थकतात, आजारी पडतात, त्यांना रजा आणि त्यांच्यासाठी वेगळा आधार लागतो.

आणि मुदतीचं. निधी येतो पहिल्या महिन्यात आणि आटतो वर्षभरात. पण पोराची खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात असते. इर्शाळवाडीच्या लोकांना आधी कंटेनरच्या घरांत ठेवलं होतं, पत्र्यावर पाऊस पडला की केवढा आवाज होतो ते जो पत्र्याखाली राहिलाय त्याला कळेल. अशा वेळी रात्री त्या पोरांजवळ कोण आहे हे जुलैतल्या त्या रात्रीइतकंच महत्त्वाचं.

तर मीटिंगमध्ये मी मागितलं ते असं. फॉर्म पहिले दोन आठवडे बाजूला ठेवायचा. प्रत्येक पाड्यावर आत्ताच, पाऊस यायच्या आधी, पोरांनाच विचारायचं की रडू आलं तर तू कोणाकडे जातोस, आणि ज्या नावांवर बोटं जास्त पडतील त्या मावश्यांना, दादांना, आज्यांना आधी भेटायचं, त्यांना मानधनावर घ्यायचं, काउन्सेलरने त्यांच्या हाताखाली काम करायचं. कॅम्पमध्ये चूल तिथेच बसायची जागा. पोरांना वेगळ्या ठिकाणी हलवायचा निर्णय वस्तीच्या माणसांशिवाय नाही. फोटो नाहीत. हे सगळं मंजूर झालेलं नाही, मानधनावर गाडी अडकलीये, बजेटमध्ये एक्सपर्टचा कॉलम आहे आणि मावशीचा नाही म्हणतात. पुढच्या आठवड्यात परत बसणार आहोत. गोरेगाव ते बोरिवली पट्ट्यात वारली किंवा कातकरी बोलणारं, पोरांची आवड असलेलं कोणी तुमच्या माहितीत असेल तर त्याआधी मला जरूर सांगा.